सतरावं षटक

अध्यक्ष वेस्ली कॉल्डवेल स्वागताच्या भाषणात
चार वेळा म्हणाले, चारित्र्य.
कॅरिबियनमधली पोरं आपल्याकडे येतात,
पुढच्या वर्षी आपली तिकडे जातात,
चेंडूपेक्षा मोठं काहीतरी समुद्र ओलांडतं, वगैरे.
मी तेव्हा सँडविचच्या कडा कापत होते.
एकवीस वर्षं या क्लबची धावांची वही मी लिहिते,
तिच्यात भाषणांसाठी रकाना नाही.

माझ्या वाट्याला आला टेव्हॉन ओलिव्हिएर.
बेक्वे बेटावरचा, वय चौदा,
पहिल्याच सरावात उजवी तर्जनी मोडून बसलेला.
चार हजार मैल येऊन पोराला बॅट धरता येईना.
स्टुअर्टच्या खोलीत त्याला झोपवलं
(स्टुअर्ट आता पर्थला असतो, नाताळात फोन करतो).
जुलै होता, तरी तीन ब्लँकेटं दिली.
मागितली नव्हती. तो मागणाऱ्यातला नव्हता.

शनिवारी पाहुण्यांची वही घेऊन तो माझ्या शेजारी बसला.
डाव्या हाताने लिहायचा,
आकडे सगळे एका बाजूला कललेले,
फॉइल नदीवरून वारा सुटल्यासारखे.

आमच्या पोरांच्या एकशे एकतीस.
त्यांचं सतरावं षटक चालू असताना
चहाची किटली ओरडली.
मी उठले, गॅस बंद केला, बसले. एवढंच.

"मिस, तुमच्यात एक कमी आहे."
मी चष्म्यावरून पाहिलं.
"नीट बघ, बाळा."
त्याने बघितलं. वहीकडे नाही, माझ्याकडे.
मग खोडरबर घेतलं
आणि स्वतःचा बरोबर आकडा पुसून टाकला.

ते एका धावेने हरले.
त्यांचा कप्तान कितीतरी वेळ
वाकून बुटाची नाडी बांधत राहिला,
बांधलेलीच.

रात्री बेरजा जुळवल्याशिवाय मला झोप नाही.
गोलंदाजांकडून मोजल्या: एकशे एकतीस.
फलंदाजांकडून मोजल्या: एकशे तीस.
तीनदा मोजल्या.
वरच्या मजल्यावर पोरगं खोकत होतं.

सकाळी लापशी वाढता वाढता सांगितलं.
"माहीत होतं, मिस."
मग बोलला का नाहीस?
तो चमच्याने लापशीत खड्डा करत म्हणाला,
"तुमच्या घरी राहतोय ना."
शिवी दिली असती तरी इतकं लागलं नसतं.

वेस्लीला फोन केला.
"हेझल, मैत्रीचा सामना गं. कप देऊन झाला, फोटो निघाला.
पोरांनी हरायलाही शिकायला हवं."
हो, म्हटलं, पण हरल्यावर.

चर्चच्या हॉलपाशी बस उभी होती.
वही काखेत धरून मी तिच्या पायरीवर चढले,
आवाज बारीक झाला, तरी सगळं सांगितलं.
किटलीचंही. खोडरबराचंही.
वेस्ली बसचे टायर बघत होता.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
कप्तानाने एवढंच विचारलं, "धाव कुणाची होती?"
मी पान उघडलं.
नववा गडी, डेस्रॉन. शून्यावर बाद, असं मी लिहिलेला.

मागच्या सीटवरून एक किडकिडीत पोरगा पुढे आला.
आख्ख्या दौऱ्यातली त्याची तेवढी एकच.
"मी पळालो होतो, मिस," म्हणाला,
"मग वाटलं, पळालोच नसेन."

शून्य खोडून मी शाईने एक लिहिला, त्याच्या देखत.
त्याने त्यावर बोट ठेवलं, वाळायच्या आधीच.
ठसा अजून आहे तिथे.
कपही अजून आमच्याच कपाटात आहे,
वेस्लीकडे किल्ली असते.

बस वळताना टेव्हॉनने काचेआडून
पट्टीतलं बोट वर केलं.
बाद म्हणून, की एक म्हणून,
ते विचारायचं राहून गेलं.